रसायनाचार्य कार्ल मार्व्हल

शाळेच्या वार्षिकात थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे म्हटले म्हणजे राजे, सेनापती, संत आणि देशभक्त ह्यांची नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी तलवार धरली नाही, सभा गाजविल्या नाहीत, केवळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड राहून मनुष्यजातीची सेवा केली, अशा पुरुषांचा परिचयही आमच्या विद्यार्थ्यांस व्हावा असे आम्हांस वाटते. म्हणून अमेरिकेतील प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ कार्ल शिप मार्व्हल ह्यांचे चरित्र आम्ही यंदा निवडले आहे.

ह्या निवडीस आणखीही एक कारण आहे. कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील पुष्कळ मुले भातशेती करणाऱ्या घरांतून शाळेत येतात. त्यांचे आईबाप कधी कधी आम्हांस विचारतात की, पोराला पुढे जमीनच कसावयाची आहे, तर त्याने रसायनाची सूत्रे घोकून काय साधावयाचे? दुसरे कित्येक ह्याच्या उलट विचारतात की, मुलगा शास्त्र शिकून शहरात जाणार, तर आता ही जमीन ठेवून तरी काय करावयाचे? हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. कारण त्यांच्या उत्तरावर मुलाचे आयुष्य आणि वाडवडिलांची जमीन अशी दोन्ही अवलंबून असतात. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या घरात अशाच जातीचा प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याला जे उत्तर मिळाले त्यातूनच मार्व्हल ह्यांचे आयुष्य घडले.

मार्व्हल ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९४ रोजी इलिनॉय प्रांतातील वेन्सव्हिल ह्या लहानशा गावाजवळील शेतावर झाला. वडील शेतकरी, मुलानेही शेतीच करावी असा घरचा सहज समज होता व मुलाच्याही मनात दुसरे काही नव्हते. अशा वेळी नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, जे पूर्वी हायस्कुलात शिक्षक होते, त्यास एक सल्ला दिला. पुढच्या पिढीच्या शेतकऱ्यास शास्त्राच्या ज्ञानावाचून शेती करिता येणार नाही, तेव्हा नांगर हाती धरण्यापूर्वी शास्त्र शिकून घ्यावे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. हा सल्ला शेती सोडण्याचा नव्हता, शेतीसाठीच शास्त्र शिकण्याचा होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्याप्रमाणे १९११ साली कार्ल हा ब्लूमिंग्टन येथील इलिनॉय वेस्लियन महाविद्यालयात दाखल झाला. हे महाविद्यालय मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीच्या आश्रयाने चाललेले होते. तेथे त्यास रसायनशास्त्राची गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही. १९१५ साली पदवी घेतल्यावर एका गुरूच्या शिफारशीने शिष्यवृत्ती मिळून ते इलिनॉय विद्यापीठात गेले.

लहान महाविद्यालयातून आल्यामुळे त्यांचा अभ्यास कमी पडला असावा असे समजून विद्यापीठाने त्यांस नेहमीपेक्षा अधिक विषय घ्यावयास लाविले. त्यामुळे रात्री फार उशिरापर्यंत वाचन करावे लागे, व सकाळी न्याहारीच्या खोलीचे दार बंद होण्याच्या ऐन वेळी ते अंथरुणातून उठून धावत सुटत. सोबत्यांनी हे पाहून त्यांस स्पीड, म्हणजे वेग, असे टोपणनाव ठेविले. पुढे मोठमोठे पंडितही त्यांस ह्याच नावाने हाक मारीत. विनोदाने पडलेले हे नाव मुळात आळसाचे नव्हते, रात्रीच्या जागरणाचे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

इतक्यात पहिल्या महायुद्धाने जगाची घडी विसकटली. रंग, औषधे व प्रयोगशाळेत लागणारी द्रव्ये ह्यांसाठी अमेरिका त्या काळी जर्मनीवर अवलंबून होती. युद्धामुळे तो पुरवठा बंद पडला, तेव्हा इलिनॉय विद्यापीठातील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी ही द्रव्ये आपल्या हातांनी तयार करण्याचे काम अंगावर घेतले. मार्व्हल ह्यांनी १९१७ ते १९१९ ह्या काळात आपला अभ्यास बाजूस ठेवून ह्या कामास वाहून घेतले. एखादी कृती पुस्तकात छापलेली असणे निराळे आणि ती हाताने करून साधणे निराळे, हे त्यांस येथे पुरते कळून आले. ह्याच अनुभवातून रासायनिक कृतींचे एक वार्षिक १९२१ पासून निघू लागले. एका प्रयोगशाळेने लिहून पाठविलेली कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिल्याखेरीज तीत छापावयाची नाही, असा त्याचा नियम आहे. ह्या ग्रंथमालेस मार्व्हल ह्यांनी पुष्कळ कृती दिल्या व तिच्या संपादनातही भाग घेतला. १९२० साली डॉक्टरची पदवी मिळवून ते त्याच विद्यापीठात शिकवू लागले व १९३० साली प्राध्यापक झाले.

ह्यानंतर त्यांचे लक्ष ज्या विषयाकडे वळले, त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. कापूस, रेशीम, रबर ह्यांसारख्या पदार्थांचे कण लहान लहान घटक एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या असतात. अशा पदार्थांस पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. कर्जत स्थानकावर मालगाडी पाहिली आहे अशा विद्यार्थ्यांस हे समजण्यास कठीण पडू नये. एकेक डबा म्हणजे एकेक घटक, आणि डब्यास डबा जोडून झालेली सबंध गाडी म्हणजे पॉलिमरचा एक कण. मार्व्हल ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, ह्यांपैकी बऱ्याच साखळ्यांत घटक कसेही जोडलेले नसतात. एकाचे शेपूट व दुसऱ्याचे डोके अशा ठरलेल्या क्रमाने ते जुळतात. नायलॉनचा शोध लावणारे वॉलेस कॅरोदर्स हे ह्याच विद्यापीठात शिकलेले व मार्व्हल ह्यांचे स्नेही होते. ड्यूपाँ ह्या कंपनीचे सल्लागार म्हणून मार्व्हल ह्यांनी १९२८ पासून जवळजवळ साठ वर्षे काम केले.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया व डच ईस्ट इंडीज हे रबराचे मुलूख जपानच्या ताब्यात गेले, आणि अमेरिकेस कृत्रिम रबर करणे भाग पडले. ह्या राष्ट्रीय कामात इलिनॉय येथील संशोधकांच्या मोठ्या समूहाचे नेतृत्व मार्व्हल ह्यांच्याकडे होते. युद्ध संपताच त्यांनी जर्मनीस जाऊन तेथील रबराच्या कृतींची पाहणी केली. कृत्रिम रबर थंड स्थितीत, सुमारे ५ अंश तापमानात, तयार केले असता ते टायरांसाठी अधिक टिकाऊ होते, असे पुढे सिद्ध झाले. थंडीचा असा उपयोग पाहिलेल्या ह्या पुरुषाच्या नशिबी पुढे उष्णतेशी झुंज घेणे होते.

१९५० नंतरच्या दशकात विमानांचा वेग फार वाढला, व अंतराळातून परत येणाऱ्या यानांचाही विचार सुरू झाला. अतिवेगाने वातावरण कापीत येणाऱ्या वस्तूभोवती भयंकर ताप उत्पन्न होतो. तिचा वेग आवरणाऱ्या हवाई छत्रीच्या दोऱ्या कशाच्या कराव्यात? नायलॉन तर सुमारे २६० अंशांस वितळते. अमेरिकेच्या वायुदलाने हा प्रश्न मार्व्हल ह्यांच्यापुढे ठेविला.

उष्णतेने पॉलिमर का नासतो? पुन्हा आगगाडीचे उदाहरण घेऊ. भोर घाट चढताना कर्जतेस गाडीस मागून जादा इंजिने लावितात, ती डब्यांच्या सांध्यांवरील ताण आवरण्यासाठीही उपयोगी पडतात. गाडीचे बळ तिच्या सर्वांत मजबूत सांध्यावर मोजता येत नाही. जो सांधा सर्वांत दुबळा, तेवढेच तिचे बळ. उष्णता म्हणजे कणांची हालचाल. तापमान वाढले की साखळीतील प्रत्येक सांध्यास हिसके बसू लागतात, आणि दुबळा सांधा प्रथम तुटतो. तेव्हा ताप सोसणारा पदार्थ हवा असेल तर साखळीत दुबळा सांधा राहताच कामा नये. मार्व्हल ह्यांनी असे ठरविले की, साखळी साध्या धाग्यासारखी न ओवता भक्कम वलयांची ओवावी. वलयाकार रचनेत अणू एकमेकांस दोन्ही बाजूंनी धरून असतात व बंधांचे बळ सगळ्या वलयात वाटले जाते, म्हणून ते सहजी मोडत नाही.

हेरवार्ड फोगेल ह्या सहकाऱ्यासह त्यांनी असा पदार्थ तयार केला व १९६१ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. मूळ द्रव्ये हवेपासून अलग ठेवून तापवावयाची, बनलेल्या घट्ट राशीची पूड करावयाची, आणि ती पूड निर्वात भांड्यात पुन्हा सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवावयाची, अशी ती कृती होती. जो पदार्थ तापात टिकावयाचा, त्याचा जन्मही तापातच झाला. त्याचे नाव पॉलिबेन्झिमिडॅझोल. हा तपकिरी पदार्थ वितळत नाही, ४०० अंशांपर्यंत मऊ पडत नाही, आणि उघड्या हवेत पेट घेत नाही.

दानीएलाच्या पुस्तकातील तीन तरुणांची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. धगधगत्या भट्टीतून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या वस्त्रांस धुराचा वासही लागला नव्हता. तो देवाचा चमत्कार होता; मनुष्याने केलेल्या पदार्थास मर्यादा असतातच. तरीही देवाने दिलेल्या बुद्धीचा उपयोग करून मनुष्य आपल्या बांधवांचे किती रक्षण करू शकतो, हे लवकरच दिसून आले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या चाचणीत जमिनीवरच आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर न जळणाऱ्या वस्त्रांचा शोध जोराने सुरू झाला, आणि मार्व्हल ह्यांच्या पदार्थाचा धागा काढून अंतराळवीरांचे कपडे करण्यात आले. १९८३ सालापासून ह्या धाग्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले, व अग्निशामक दलाच्या जवानांच्या पोशाखात तो वापरला जाऊ लागला.

आता ह्या कथेचा धागा आमच्या भागाजवळ कसा येतो ते सांगतो. खोपोलीचे वीजघर १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले, आणि घाटावरून उतरणाऱ्या पाण्याच्या बळावर मुंबईस वीज गेली. हा मान आमच्या दोन्ही तालुक्यांचा आहे. तथापि जेथे असे पाणी नाही, किंवा जेथे मुख्य तारेतील वीज वरचेवर खंडित होते, तेथे आजही डिझेलची इंजिने धूर ओकीत चालतात. डोंगरावर उभे असलेले टेलिफोनचे मनोरे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. धुरावाचून जागच्या जागी वीज उत्पन्न करण्याचा एक मार्ग विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्श गृहस्थाने १८३९ साली दाखविला होता. हायड्रोजन व प्राणवायू ह्यांचा संयोग आगीवाचून घडवून आणला तर वीज मिळते आणि राखेच्या ऐवजी पाणी उरते. अशा साधनास इंधनघट म्हणतात.

ह्या घटाच्या मधोमध साधारण केसाएवढ्या जाडीचा एक पॉलिमरचा पडदा असतो. हायड्रोजनच्या कणाचे दोन भाग होतात, प्रोटॉन व इलेक्ट्रॉन. पडद्याने प्रोटॉनास वाट द्यावयाची आणि इलेक्ट्रॉनास अडवावयाचे, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात, तीच वीज. नेहमीच्या पडद्यात प्रोटॉन पाण्याच्या आधाराने पलीकडे जातात. म्हणून घट सुमारे ८० अंशांपलीकडे तापू देता येत नाही. १०० अंशांच्या पुढे पाणी उडून जाते, पडदा सुकतो आणि वाट बंद होते.

मग घट थंडच ठेवावा, असे कोणी म्हणेल. अडचण अशी की, अगदी शुद्ध हायड्रोजन महाग पडतो व साठविण्यासही अवघड असतो. मिथेनॉलसारख्या द्रव्यापासून तो जागेवरच काढला तर सोय होते, परंतु त्यात कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूचा अंश राहतो. घटातील प्लॅटिनमवर हा वायू चिकटून बसतो व त्याचे काम बंद पाडतो. ८० अंशांवर लाखात एकदोन भाग इतका अंशही बाधतो. पण १६० अंशांच्या सुमारास तोच वायू शेकडा एकदोन भाग असला तरी घट चालू शकतो. तेव्हा घट तापलेलाच हवा, आणि त्या तापात टिकणारा पडदा हवा.

असा पडदा मार्व्हल ह्यांच्या पदार्थाने दिला. त्याच्या वलयांतील नायट्रोजन आम्लास धरून ठेवितो. १९९५ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील संशोधकांनी त्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवून दाखविले की, आता प्रोटॉनास पाण्याची गरज उरत नाही. आम्लाच्या आधाराने ते २०० अंशांच्या जवळपासही जाऊ शकतात. ज्या पदार्थाची योजना हवाई छत्रीच्या दोऱ्यांसाठी झाली होती, तो चौतीस वर्षांनी विजेच्या कामी आला.

आमच्या घाटाच्या माथ्यावरून पुण्यास गेले म्हणजे तेथे १९५० साली उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनी हे पडदे आपल्या देशातच तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले. ह्या प्रयोगशाळेने, दिल्ली व कारैकुडी येथील भगिनीसंस्थांनी आणि थरमॅक्स व रिलायन्स ह्या कंपन्यांनी मिळून तयार केलेला, उच्च तापमानावर चालणारा पहिला भारतीय इंधनघट २६ सप्टेंबर १९१९ नव्हे, तर अगदी अलीकडे, २६ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्ली येथे राष्ट्रपतींच्या हस्ते देशापुढे ठेवण्यात आला. त्याची शक्ती ५ किलोवॅट होती. टेलिफोनच्या मनोऱ्यांस व आडबाजूच्या ठिकाणांस वीज पुरवावी, हा त्याचा एक मुख्य हेतू सांगण्यात आला.

एवढ्याने सर्व काम झाले असे मात्र कोणी समजू नये. पदार्थ नुसता ताप सोसतो म्हणजे तो सर्व काही सोसतो असे नाही. आम्ल अधिक मुरविले तर वीज अधिक मिळते, पण पडदा मऊ होऊन त्याचे बळ घटते. घट १०० अंशांच्या खाली चालविला तर पाणी साचून आम्ल धुपून जाते. शिवाय घटात उत्पन्न होणारे काही उग्र कण हळूहळू साखळीच तोडू लागतात. ह्या तिन्ही गोष्टींचा मेळ घालून पडदा हजारो तास टिकविणे, ही आजच्या संशोधकांची कसोटी आहे. मार्व्हल ह्यांनी वाट दाखविली. ती पुढे नेणे इतरांवर सोपविले आहे.

मार्व्हल १९६१ साली इलिनॉय येथून निवृत्त झाले, पण निवृत्ती हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. त्याच वर्षी ते अ‍ॅरिझोना विद्यापीठात रुजू झाले व उष्णतेत टिकणाऱ्या पॉलिमरांचे काम त्यांनी त्या रखरखीत प्रदेशात आणखी अनेक वर्षे चालविले. त्यांच्या हाताखाली दीडशेहून अधिक विद्यार्थी डॉक्टर झाले. पक्षी पाहण्याचा त्यांस मोठा नाद असे व पक्ष्यांविषयीही त्यांनी लेख लिहिले. बाळपणी शेतात जडलेली सृष्टीची ओढ प्रयोगशाळेतही सुटली नाही. १९५६ साली प्रीस्टली पदक व १९८६ साली राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांस मिळाले. ४ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते कालवश झाले. पुण्याचा इंधनघट त्यांनी पाहिला नाही. क्लीव्हलंडचा प्रयोगही त्यांच्या मागून झाला. पेरणारा एक व कापणी करणारा दुसरा, हा देवाच्या शेतातील जुनाच नियम आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मार्व्हल स्वतः शेताकडे परत गेले नाहीत हे खरे. परंतु शेतीसाठी म्हणून शिकलेले शास्त्र वाया गेले असे कोण म्हणेल? आणि जे परत जातील त्यांस तरी ते वाया का जावे? आमच्या कर्जतेतच भाताचे संशोधन केंद्र आहे, व कर्जत ह्याच नावाने ओळखले जाणारे भाताचे वाण कोकणातील शेतकरी लावितात. तेही शास्त्राचेच फळ होय. तेव्हा पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलगा असो वा मुलगी, शास्त्र की जमीन असा पेच तिच्यापुढे किंवा त्याच्यापुढे टाकू नये. आधी शिकू द्यावे. मग ते शेताच्या बांधावर उभे राहोत की प्रयोगशाळेत. आणि विद्यार्थ्यांस आम्ही असे सांगतो की, आपल्या आयुष्याच्या साखळीतील दुबळा सांधा कोणता, तो आळसाचा आहे की भित्रेपणाचा, हे आजच शोधून काढा व तो भक्कम करा. कसोटीचा ताप प्रत्येकाच्या वाट्यास येतो. त्या वेळी देवाच्या कृपेने तुम्ही टिकून राहावे, अशी आमची प्रार्थना आहे.